दारू, भाकरी आणि बी-१: मेंदूच्या एका आजाराची पार्श्वभूमी

खान्देशात दारूने माणूस गेला की कारण बहुतेक एकच सांगितलं जातं: लिव्हर. पोटात पाणी झालं होतं, डोळे पिवळे पडले होते, डॉक्टरांनी हात टेकले. डोक्याचं काय झालं होतं, हे घरचे सांगत नाहीत आणि केसपेपरवरही ते क्वचितच सापडतं. पाय लटपटले तर 'घेतली असेल', काही आठवलं नाही तर 'शुद्धीत होता कुठे', एवढ्यावर विषय मिटतो. पण आठवडाभर थेंबही न घेतलेला माणूस संडासपर्यंत भिंत धरून जातो, समोरच्याकडे पाहताना त्याची बुबुळं थरथरतात, एक वस्तू दोन दिसते, तेव्हा 'घेतली असेल' हे उत्तर पुरत नाही.

काही दिवसांनी डोळे निवळतात, पाय थोडे सावरतात आणि मग खरं नुकसान दिसू लागतं. बायको सांगते, "त्याले काहीच याद ऱ्हास नही." त्यालाच विचारावं तर तो बिनदिक्कत सांगतो, काल सारंगखेड्याच्या यात्रेत होतो, घोडे पाहिले, भजी खाल्ली, सोबत मेहुणा होता. कालचा अख्खा दिवस तो त्याच खाटेवर होता. त्याला खोटारडा म्हणून उपयोग नाही. आठवणीत जी पोकळी पडली आहे ती त्याचा मेंदू जुन्या तुकड्यांनी भरून काढतो आणि ते त्याला स्वतःला खरं वाटतं. पंचवीस वर्षांपूर्वीचा लग्नातला मानपान त्याला तपशीलवार आठवेल, सकाळी काय खाल्लं ते आठवणार नाही.

वैद्यकात याला वेर्निके-कोर्साकॉफ म्हणतात. नावं दोन आहेत, कारण दोन डॉक्टरांनी एकाच आजाराची दोन टोकं वेगवेगळी पाहिली.

कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने 1881 मध्ये तीन रुग्णांचं वर्णन केलं. डोळ्यांची हालचाल बिघडलेली, तोल गेलेला, मन गोंधळलेलं. तिघेही दगावले आणि शवविच्छेदनात मेंदूच्या मधल्या पोकळ्यांभोवती बारीक रक्तस्राव सापडले. तिघांपैकी दोन पुरुष अट्टल दारुडे होते. तिसरी रुग्ण विशीतली, शिवणकाम करणारी तरुणी. तिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं होतं, त्याने जठराचं तोंड आवळलं गेलं आणि पोटात काही ठरेना, सारख्या उलट्या. तिचा दारूशी संबंध नव्हता. पुढची साठेक वर्षं ज्या उत्तरासाठी डॉक्टर चाचपडत राहिले, ते पहिल्याच निबंधात या मुलीच्या रूपाने समोर होतं. वेर्निकेला मात्र हा मेंदूचा दाह वाटला.

मॉस्कोचे सर्गेई कोर्साकॉफ यांनी 1887 पासून पुढच्या चार-पाच वर्षांत दुसरं टोक मांडलं: हातापायांच्या नसा बधिर आणि स्मृती गेलेली. त्यांचेही सगळे रुग्ण दारू पिणारे नव्हते. बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाने किंवा दीर्घ आजाराने खंगलेले लोकही त्यांत होते. कोर्साकॉफना शरीरात काहीतरी विष साठत असावं असं वाटलं. त्या काळाला ते साजेसंच होतं. जंतूंचा शोध नवा होता, त्यामुळे प्रत्येक रोगामागे काहीतरी आत शिरलेलं असणार अशीच समजूत होती. शरीरात काहीतरी नसल्यामुळेही माणूस आजारी पडू शकतो, ही कल्पनाच अजून जन्माला यायची होती.

ती जन्माला आली कोंबड्यांच्या खुराड्यात. जावा बेटावरच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचा जंतू शोधत होता. 1889 च्या सुमारास प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत निघालं ते असं: मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग स्वयंपाकी बदलला आणि नव्याने सांगितलं, सरकारी लष्करी तांदूळ मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. एका आचाऱ्याच्या नियमावर बोट ठेवण्याच्या सवयीने वैद्यकावर केवढे उपकार केले!

आइकमनलाही आधी विषच दिसलं. पांढऱ्या तांदळात काही घातक आहे आणि कोंडा त्यावर उतारा आहे, असा त्याचा कयास होता. त्याचा सहकारी गेरिट ग्रिन्स याने 1901 मध्ये गोष्ट सरळ केली: कोंड्यात असं काही आहे ज्यावाचून नसा चालत नाहीत. 1912 मध्ये कासिमिर फुंक याने अशा द्रव्यांना 'व्हिटामिन' हे नाव दिलं. 1926 मध्ये बटाव्हियातच यान्सेन आणि डोनाथ यांनी कोंड्यातून त्याचे स्फटिक वेगळे काढले, आणि 1936 मध्ये रॉबर्ट विल्यम्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. हेच थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. विल्यम्स मिशनरी आईबापांच्या पोटी 1886 मध्ये जन्मले ते आपल्याकडेच, आंध्रच्या नेल्लोरला. कोंडा काढलेल्या तांदळाचा पांढरा भात हेच मुख्य अन्न असलेला आंध्रचा किनारा बेरीबेरीसाठी कुप्रसिद्ध होता.

इथे खान्देशाकडे वळायला हवं, कारण आपल्याकडची गोष्ट नेमकी उलटी आहे. इथलं रोजचं अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी. चक्कीत दाणा अख्खा दळला जातो, कोंडा बाजूला निघत नाही. कळण्याच्या भाकरीत तर ज्वारीबरोबर उडीदही दळलेला असतो. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 0.35 मिलिग्रॅम थायमिन असतं, तेवढ्याच पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात 0.05 च्या आसपास. मोठ्या माणसाला दिवसाला सव्वा मिलिग्रॅमच्या आतबाहेर लागतं. चार भाकरी, वरण, ठेचा खाणाऱ्या शेतमजुराला बेरीबेरी ठाऊक नसावी यात नवल नाही.

पण तो भाकरी खातो तोवरच. सकाळी उठल्या उठल्या पहिल्या धारेची, दुपारी देशीची क्वार्टर, सोबत चकणा म्हणून मूठभर शेव-मुरमुरे. दारूत उष्मांक भरपूर, एका ग्रॅममागे सात, त्यामुळे भूक मरते. मोहाची असो की देशी, भट्टीवर वाफेतून उतरलेल्या दारूत जीवनसत्त्व येत नाही. शिवाय दारू आतड्यातून थायमिन नीट शोषू देत नाही, खराब झालेलं लिव्हर ते साठवू शकत नाही, आणि थायमिनला कामाला लावणारं मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं. शरीरातला एकूण साठा जेमतेम तीस मिलिग्रॅमचा. आवक थांबली की तो दोन-तीन आठवड्यांत तळाला जातो.

थायमिन संपल्यावर मेंदूचंच नुकसान का, हे ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांनी 1930 च्या आसपास कबुतरांवर दाखवलं. पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कबुतरांची मान मागे वळून आखडायची, आणि थायमिन टोचलं की थोड्याच वेळात ती सरळ व्हायची. साखर जाळून ऊर्जा काढताना पायरुव्हेट या मधल्या पदार्थाच्या टप्प्यावर थायमिन लागतं. ते नसेल तर साखर अर्धवट जळते, लॅक्टिक ॲसिड साचतं. मेंदूची भूक मोठी, शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा त्याला लागतो. त्यातही थॅलॅमस आणि मॅमिलरी बॉडी हे आठवणींच्या वाटेवरचे भाग आधी मरतात.

तरीही डॉक्टरांच्या मनातून दारू निघेना. ती काढली युद्धाने. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि हजारो सैनिक तिथल्या चांगीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कैद झाले. अन्न म्हणजे पांढरा तांदूळ, त्यात अतिसार. साधारण सहा आठवड्यांनी डोळे थरथरणारे, गोंधळलेले रुग्ण दिसू लागले. कैदी डॉक्टर ह्यू डी वार्डनर आणि बर्नार्ड लेनॉक्स यांनी अशा 52 जणांच्या नोंदी ठेवल्या. त्या 1947 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. छावणीत दारू मिळायची सोयच नव्हती. थायमिनचा तुटपुंजा साठा ज्यांच्या वाट्याला वेळेत आला, त्यांचे डोळे काही दिवसांत ताळ्यावर आले. वेर्निकेच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीला तब्बल सहासष्ट वर्षांनी न्याय मिळाला, असं मला वाटतं.

म्हणून दारू निर्दोष ठरते असं नाही. दारूमुळे मेंदू आकसतो हे स्कॅनवर दिसतं, आणि दारू सुटल्यावर तो काही अंशी भरून येतो हेही दिसतं. त्यातला किती वाटा दारूचा आणि किती उपासमारीचा, यावर वाद चालूच आहे.

आपल्याकडे दारूविरोधाची परंपरा जुनी आहे. तळोदा भागात 1930 च्या दशकात गुला महाराजांनी भिल्ल समाजात दारू सोडण्याचा, रोज अंघोळ करण्याचा प्रचार केला. हजारोंनी माळ घातली आणि 'आप की जय' म्हणत ते एकमेकांना भेटू लागले. पुढे 1972-73 मध्ये शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या लढ्यात आदिवासी बायकांनी गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली. कर्ज, मारहाण, हातची गेलेली जमीन ही त्यांची कारणं होती आणि ती पुरेशी होती. मेंदूच्या उपाशीपणाचा मुद्दा त्यात नव्हता. पण आजच्या व्यसनमुक्तीच्या पोस्टरवरही काळंठिक्कर लिव्हर असतं आणि ताटाचा उल्लेख नसतो, याला काय म्हणावं?

हा आजार नजरेतून किती निसटतो, ते पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लाइव्ह हार्पर यांनी 1986 मध्ये दाखवलं. शवविच्छेदनात सापडलेल्या 131 रुग्णांपैकी जिवंतपणी निदान झालेले फक्त 20 टक्के, आणि डोळे, तोल, गोंधळ ही तिन्ही लक्षणं एकत्र नोंदलेली 16 टक्क्यांत. तिन्ही दिसण्याची वाट पाहणारा डॉक्टर बहुतेकांना मुकतो. ऑस्ट्रेलियाने 1991 पासून पावाच्या पिठात थायमिन घालणं सक्तीचं केलं आणि त्यानंतर या आजाराचं प्रमाण घटलेलं आढळलं.

खेडोपाडी प्रश्न वेगळाच आहे. दारुड्या चार दिवस जेवला नाही, गळून गेला, की घरचे म्हणतात सलाईन लावा. आणि लावली जाते ती बऱ्याचदा ग्लुकोजची बाटली. साखर आत गेली की ती जाळायला उरलंसुरलं थायमिन खर्ची पडतं आणि काठावरचा मेंदू पलीकडे ढकलला जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाला ग्लुकोजच्या आधी, निदान बरोबर तरी, शिरेतून थायमिन द्यावं असा संकेत आहे. साखर धोक्याच्या खाली गेली असेल तर ग्लुकोजही थांबवायचं नसतं, दोन्ही एकदम द्यायचं. गोळीवर भिस्त ठेवता येत नाही, कारण पिणाऱ्याचं आतडं ती नीट शोषत नाही. हे इंजेक्शन महागड्या औषधांत मोडत नाही. ते उशिरा दिलं की डोळे सुधारतात, स्मृती बहुतेकदा पूर्ण परत येत नाही.

दारू न पिणाऱ्यांनाही सावध राहावं लागतं. गरोदरपणी महिनोन्‌महिने उलट्या होणाऱ्या बाईला हाच आजार होऊ शकतो, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर होऊ शकतो. काश्मीरमध्ये पांढऱ्या भातावरच्या आयांच्या अंगावर पिणारी बाळं थायमिनअभावी अत्यवस्थ झालेली आढळली आहेत.

खान्देशातही ताट बदलतं आहे. ज्वारीच्या जागी कापूस, मका, केळी आली, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, आणि हात थरथरणाऱ्या दारुड्याला घरात कुणी जेवण वाढलंच तर भाकरी चुरून देण्यापेक्षा भात-वरण सोपं पडतं. रेशनच्या तांदळात गेल्या काही वर्षांत पोषणद्रव्यं मिसळलेले दाणे येऊ लागले. अशा दाण्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ सक्तीचं आहे. थायमिन ऐच्छिक यादीत आहे, घातलं तर चालतं, नाही घातलं तरी चालतं.