चिकातली लस

म्हैस व्याली की खरवसाच्या वड्या कुणाकुणाकडे पोचवायच्या, हे कोल्हापूरकडच्या घरांत आधीच ठरलेलं असतं. रेडकाला चीक किती मिळाला, हा विचार मागाहून. वराहपालकाला असा उशीर महागात पडतो. डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, जवळजवळ नसतातच.

गरोदर बाईला धनुर्वाताची लस टोचली, की तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. डुकरिणीच्या वारेत मात्र आई आणि पिल्लाच्या रक्तामध्ये पेशींचे सहा थर असतात. एवढा मोठा रेणू त्यांतून पार होत नाही. (म्हशीचंही साधारण तेच.) उरतो चीक. नवजात पिल्लाचं आतडं प्रतिपिंडं न पचवता सबंधच रक्तात घेतं, पण ही सोय जेमतेम 24 ते 36 तासांची. त्यातच चिकातली प्रतिपिंडं पहिल्या काही तासांतच झपाट्याने घटतात. एका वेतात दहा-बारा पिल्लं, सडांसाठी ढकलाढकली. शेवटी जन्मलेलं किरकोळ पिल्लू मागे राहतं. त्याला उचलून सडाला लावणारा माणूस त्या रात्री गोठ्यात हवाच.

डुकरीण 114 दिवस गाभण असते. अनेक लसी तिला विण्याआधी साधारण महिनाभर टोचतात, म्हणजे चीक तयार होताना रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतात.

आतड्याच्या विषाणूंचं प्रकरण जरा वेगळं. जीवघेणी हगवण लावणारे कोरोना विषाणू आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करतात. तिथे रक्तातल्या प्रतिपिंडांचा फारसा उपयोग होत नाही. साधारण दर तासाला दुधातून येणारी, अस्तरावरच काम करणारी ‘आयजीए’ प्रकारची प्रतिपिंडं लागतात. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोत एडवर्ड बोल आणि लिंडा सैफ या शास्त्रज्ञांना असं दिसलं, की ती चांगली येतात ती आईच्या आतड्याला विषाणूची ओळख झाली असेल तर. तिथल्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी मग कासेत जाऊन बसतात. म्हणून अशा रोगांत नुसती टोचणी कमी पडते.

आईकडून चिकातून आलेली हीच प्रतिपिंडं पिल्लाला दिलेली लसही निकामी करतात. त्यामुळे पिल्लांना टोचायला आलेला डॉक्टर आधी आईच्या लसीची तारीख विचारतो. क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य तापासाठी, आईला लस झालेली असेल तर पिल्लाचा पहिला डोस दोन महिन्यांच्या आसपास देतात. भारतात 2020मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर मात्र या लसीचा काहीही उपयोग नाही. तो विषाणू पूर्ण वेगळ्या कुळातला आहे.