कोकणात कॅमेरा नेताय? आधी तिथी पाहा

सुट्ट्या लागल्या की आपल्या नागपुरातून गणपतीपुळे, गुहागरकडे गाड्या भरून लोक निघतात, अन् नाश्ता-बिश्ता आटोपून अकराच्या सुमाराला किनाऱ्यावर कॅमेरा काढतात. मग म्हणतात, खडकांवर काहीच नव्हतं. होतं ना राजेहो, पाण्याखाली होतं!

ओहोटी तिथीवर चालते. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे पंचमीला पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती, पहाटे पण अन् दुपारी पण, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अंदाजच हा, टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, पाहायचंच. पण गंमत अशी की पौर्णिमा-अमावस्येला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात म्हणून उधाण असतं, ओहोटीला पाणी सगळ्यात लांब हटतं, आणि १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी येते सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाला, नेमका तिरपा मऊ उजेड असतो तेव्हा. एक-दोन दिवसांनी गेलं तर आणखी बरं, कारण वेळ रोज ५० मिनिटं पुढे सरकते अन् पहाटेचा अंधार टळतो. अष्टमीला जाऊच नका, ओहोटी भर दुपारी, ती पण भांगाची, म्हणजे पाणी फारसं हटतच नाही.

तिथला काळा दगड आपल्याला नवा नाही. सीताबर्डीच्या टेकडीचाच भाऊबंद आहे तो, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. त्यातली भोकं म्हणजे लाव्ह्यात अडकलेले वायूचे बुडबुडे, काहींत नंतर पांढरी खनिजं भरली. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर मात्र समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं, म्हणून काळा दगड राखाडी येतो. एक्सपोजर एक स्टॉप मायनस करा, म्हणजे उजेड निम्मा घ्या, काम झालं.

ओहोटीत खडकांमध्ये उरलेल्या डबक्यातलं टिपायचं तर आकाशाची चमक आड येते. पाण्यावरून परतणारा उजेड एका ठराविक कोनात जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात, तो कोन पृष्ठभागापासून सुमारे ३७ अंश. तेवढं तिरपं बसून पोलरायझर, म्हणजे असा उजेड अडवणारा लेन्सवरचा फिल्टर, हळूहळू फिरवला की चमक विझते, तळ दिसतो. उजेड थोडा खातो तो, पण माझ्या मते महागड्या मॅक्रो लेन्सच्या आधी हाच घ्यावा, आणि आपल्या फुटाळा तलावावर जाऊन हात बसवून घ्यावा.

आता बार्नॅकल. खडकावरचे ते पांढरे खरखरीत ज्वालामुखीसारखे ठिपके, ज्यांनी पाय सोलून निघतो. शिंपला समजतात लोक, पण हा खेकडा-कोळंबीचा नातेवाईक. पिल्लू असताना पोहतो, मग डोकं खडकाला चिकटवतो, भोवती चुन्याच्या पाट्या उभ्या करतो अन् उरलेला जन्म उलटं राहून पायांनी अन्न ओढतो. डार्विनने यांच्यावर १८४६ पासून आठ वर्षं घालवली! उघड्यावर याचं दार बंदच, म्हणून पाण्यात बुडालेला शोधा. सहा जोड्या पिसांसारखे पाय पंख्यासारखे बाहेर येतात, हवेत मूठ मारावी तसे आत जातात. तुमची सावली पडली की खटकन बंद, तेव्हा सूर्याकडे पाठ करून वाकू नका, बाजूने या, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा.

अन् बॅग डबक्याशेजारी विसरू नका. पूर्ण ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी जेमतेम बाराव्या हिश्श्याने चढतं म्हणून निवांत वाटतं, पण तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून अर्धी भरती येऊन जाते, आणि ती पाठीमागच्या घळीतून आधी शिरते.