मुंबई-गोवा क्रूझच्या आधीची बोट, आणि मधल्या बंदरांचं काय झालं

बॅलार्ड पिअरचं नवीन क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून घरोघरी फॅमिली ग्रुपवर एकच चर्चा, गोव्याला क्रूझने जायचं का. जा की, जरूर जा. पण त्यात "आता मुंबईहून समुद्रमार्गे जाता येतं" असं कोणी लिहिलं की मला राहवत नाही, कारण आपली माणसं हे एकोणिसाव्या शतकापासून करत होती आणि वाटेत हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जात होती. आजची गोव्याची क्रूझ या सगळ्यांच्या समोरून एका रात्रीत निघून जाते, थांबत कुठेच नाही.

मुळात बोट का, तर रस्ताच नव्हता. कोकणचा नकाशा बघा, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, दर थोड्या अंतरावर एक खाडी आडवी येते आणि तेव्हा त्यांच्यावर पूल नव्हते, त्यामुळे किनाऱ्याने दक्षिणेला जायचं म्हणजे दर खाडीला तर (पलीकडे नेणारी होडी) पकडा, परत चाला, परत होडी. त्यापेक्षा समुद्र सरळ. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनसारख्या कंपन्यांच्या आगबोटी सुरू झाल्या आणि ही लहान बंदरं थेट मुंबईला जोडली गेली. १८८६ मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीला आणलं तेही समुद्रातूनच. वेंगुर्ला तर बेळगाव भागाचं बंदर होतं, घाट उतरून माल तिथे यायचा, पुढे १८८० च्या दशकात मार्मागोव्याला रेल्वे पोचली आणि तो व्यापार तिकडे वळला. एका रेल्वेने एक बंदर कसं मागे पडतं ते वेंगुर्ल्याने तेव्हाच बघितलं.

प्रवासी मुख्यतः चाकरमानी. गिरणगावातला माणूस वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन भाऊच्या धक्क्यावर पहाटेपासून, कारण खालच्या डेकवर चटई टाकून जागा धरायची असायची. बाहेर खुल्या समुद्रात गेलं की बोट लागायची, लिंबू हुंगत बसायचं.

पण खरी परीक्षा उतरताना. बहुतेक बंदरांना आगबोट लागेल असा धक्काच नव्हता, ती लांब खोल पाण्यात नांगर टाकायची, भोंगा द्यायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसं-सामान नेणाऱ्या होड्या, यायच्या. आमच्या आजीकडून हे इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यासमोर दिसतं, पडाव लाटेबरोबर वर येतो, परत खाली जातो, तो वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा, खाली खलाशी हात धरायला उभा, पोरं तर एका हातातून दुसऱ्या हातात पास करायचे. आंब्याच्या दिवसात ह्याच पडावातून पेट्या उलट बोटीवर चढायच्या. पडाव वाळूला टेकला की उरलेलं अंतर गुडघाभर पाण्यातून नाहीतर खलाशाच्या खांद्यावरून. पावसाळ्यात हे शक्यच नाही म्हणून कोकणची लांबची बोट बंद, गावाचा आणि मुंबईचा संबंध तेवढे महिने पत्रापुरता.

अपघातही झाले आणि ते विसरता कामा नये. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ वादळात बुडाली, सहाशेवर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हतं, त्यामुळे बातमी मुंबईला कळायलाच कित्येक तास गेले, तोवर जे वाचले ते पोहून किंवा कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतल्यामुळे. स्वातंत्र्याला महिना सुद्धा राहिला नव्हता.

गोवामुक्तीनंतर, साठच्या दशकात चौगुलेंच्या कोकण सेवक आणि कोकण शक्ती या बोटी आल्या, नंतर ही सेवा मोगल लाइन कंपनीकडे गेली. सकाळी मुंबई सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी, आणि पणजीत बोट मांडवी नदीत थेट शहराच्या धक्क्याला. पण तोपर्यंत खाड्यांवर पूल होत होते, एसटी गावापर्यंत जात होती, खाड्यांच्या तोंडाशी गाळ साचत होता, आणि एकेक थांबा कमी होत ऐंशीच्या दशकात बोटच संपली. १९९४ मध्ये दमानियांची कॅटामरान (जोड सांगाड्याची वेगवान बोट) आली, साधारण सात-आठ तासात गोवा, तीही काही वर्षंच टिकली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि बोटीचा विषय मिटल्यासारखा झाला.

मग २०१८ ला आंग्रिया क्रूझ, कोविडमध्ये बंद, आणि २०२१ पासून कॉर्डेलिया. ह्या मोठ्या जहाजांना खोली आणि लांब धक्का लागतो, तो गोव्यात मार्मागोव्याला आहे, त्यामुळे आता उतरायचं वास्कोकडे आणि पणजीला टॅक्सीने. जगभर लहान बंदरांना क्रूझ येते तेव्हा बऱ्याच ठिकाणी जहाज बाहेरच उभं राहतं आणि छोट्या बोटी माणसं नेतात, म्हणजे आपलं पडावाचंच तंत्र. फक्त त्यासाठी किनाऱ्यावर लाटांपासून आडोसा असलेली नीट जेटी आणि गाळ काढलेली वाट पाहिजे, आणि नेमकं तेच काम आपण मागे ठेवलं.

म्हणून मला टर्मिनलपेक्षा २०२५ ला जाहीर झालेल्या भाऊचा धक्का ते जयगड आणि विजयदुर्ग रो-रोचं, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणाऱ्या बोटीचं, जास्त अप्रूप वाटतं. मांडव्याची रो-रो २०२० ला सुरू झाली तेव्हापासून अलिबागकरांना त्याचा किती फायदा झाला ते आपण बघतोच आहोत. पुढे दाभोळ, देवगड, मालवण, वेंगुर्ला यांचाही नंबर लागला पाहिजे, आणि बोट लागते त्या वेळेला जेटीवर गावात जाणारी एसटी उभी पाहिजे, नाहीतर विजयदुर्गला उतरलेला माणूस सामान घेऊन पुढे जाणार कसा.