सोलर बसवायचं का, आणि बॅटरी कुणी घ्यावी?

दापोली परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी

"आमचं बिल तीन हजार येतं, किती किलोवॅट लागेल?" दुकानात येणारा दर दुसरा माणूस हेच विचारतो. व्हॉट्सॲपवर तर बिलातल्या रकमेच्या चौकटीचा तेवढा फोटो येतो. मग आम्ही पूर्ण बिल मागतो, तुम्ही "संध्याकाळी पाठवतो" म्हणता आणि त्यात आठवडा जातो.

रकमेवरून आम्हाला काही कळत नाही. तिच्यात स्थिर आकार असतो, कधी मागची थकबाकी असते. शिवाय महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. १०० युनिटांपर्यंत तो बेताचा असतो, ३०० च्या पुढे चांगलाच बोचतो. त्यामुळे रक्कम दुप्पट झाली म्हणजे वापर दुप्पट झाला, असं नसतं. त्यात बहुतेक लोक येतात ते जूनमध्ये, मे महिन्याचं बिल घेऊन. त्या महिन्यात मुंबईची नातवंडं आलेली, दोन एसी चालू, पंप दिवसातून तीनदा. त्या बिलावर हिशेब केला तर पाच किलोवॅट निघतं. वर्षभराचा वापर बघितला तर तेच घर तीनमध्ये भागतं. पाचचं कोटेशन देऊन आम्ही मोकळे होऊ शकतो, पण पुढची पाच वर्षं तुम्ही आम्हाला बाजारात गाठून ऐकवाल.

बिलावरच मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. बारा महिन्यांची बेरीज करा आणि तिला १,३०० ने भागा. आपल्याकडे पावसाळा धरून एक किलोवॅट वर्षाला साधारण तेवढे युनिट देतं. बेरीज ३,६०० आली तर तीन किलोवॅट पुरे. ऑक्टोबर ते मे छान चालतं, जुलैत निम्म्यावर येतं. पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरून लाईनमध्ये गेलेली वीज बिलातून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात. ३१ मार्चला मात्र हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटांना कमी भाव मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं बसवून "वीज विकू" हा विचार घरगुती ग्राहकाने डोक्यातून काढावा.

'पीएम सूर्यघर' योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीनला ७८,००० रुपये अनुदान आहे. तीनच्या पुढे ते वाढत नाही. महिन्याला ३०० च्या आसपास युनिट जाळणाऱ्या घराचे पैसे आमच्या अनुभवात चार-पाच वर्षांत सुटतात.

महिन्याची सरासरी १०० युनिटांच्या आत असेल तर घाई करू नका. आणि जे घर गणपती, शिमगा आणि मे सोडून बंद असतं, त्याला आम्ही सरळ नको म्हणतो. चाकरमान्यांना हे आवडत नाही, पण कुलूप लावलेल्या घरात वाचवायला बिलच नसतं.

आता बॅटरी. "लाईट गेली तरी सोलर चालेल ना?" नाही. साधं ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, लाईट गेली की भर उन्हातही बंद पडतं. तो बिघाड नाही. तुमच्या छतावरची वीज बंद लाईनमध्ये गेली, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःच थांबतो.

बिल वाचवायला बॅटरी लागत नाही, ते काम नेट मीटर करतो. अनुदानही पॅनेलवर मिळतं, बॅटरीवर नाही. बॅटरी घ्यायची ती अंधारासाठी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर ज्यांच्या गावात कित्येक दिवस वीज नव्हती, त्यांना हे समजवावं लागत नाही. तेव्हा स्वतःला विचारा: लाईट गेल्यावर नक्की काय चालू राहायला हवं? फ्रिज, तीन पंखे, दिवे, वायफाय एवढंच असेल, तर पाच युनिटांची लिथियम बॅटरी रात्र काढते. एसी, गिझर आणि विहिरीवरचा पंप तिच्यावर टाकू नका. लाईट दोन-तीन तासच जात असेल, तर घरातला जुना इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी पुरते, तिला डिस्टिल्ड वॉटर मात्र वेळेवर घाला. मन ठरत नसेल तर आत्ता हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. तो थोडा महाग पडतो, पण बॅटरी पुढे जोडता येते.

जागा बघितल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही, याचा काहींना राग येतो. कारण माड. मे महिन्यात ऊन डोक्यावर असतं, माडाची सावली बुंध्याशीच पडते आणि छत मोकळं दिसतं. डिसेंबरात भर दुपारी बारालाही ती जवळजवळ माडाइतकी लांब होऊन उत्तरेला पसरते. दक्षिणेचा एक माड, त्याची एक झावळी दोन पॅनेलवर आली, की त्या ओळीतल्या बाकीच्या पॅनेलचीही वीज उतरते. माड तोडा असं आम्ही म्हणत नाही, पॅनेल सरकवतो.

आमचं कोटेशन शेजारच्यापेक्षा चार पैसे जास्त असेल, तर स्ट्रक्चरची, म्हणजे पॅनेल धरणाऱ्या सांगाड्याची, ओळ वाचा. खारा वारा साध्या रंगवलेल्या लोखंडाला फार दिवस टिकू देत नाही. आम्ही हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) अँगल आणि स्टेनलेसचे नटबोल्ट वापरतो. पॅनेल सगळेच चांगले देतात हो, उडतं ते स्ट्रक्चर.

येताना पूर्ण बिल आणा, आणि छताचे सकाळी नऊ, दुपारी बारा व तीनचे फोटो. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. कौलं-पत्र्यावरचं काम आम्ही आगोटीआधी उरकतो. जून लागल्यावर फोन केलात, तर गणपतीनंतरची तारीख मिळेल.