गिरडच्या टेकडीवरचे दगडी नारळ

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात गिरड हे गाव आहे. गावाला लागून टेकडी, टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा, आणि तिथल्या जमिनीत जागोजाग सापडणारे गोल गोटे. या गोट्यांची कथा आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. नारळ आणि इतर माल विकत फिरणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. ते शरण आले तेव्हा वाळलेल्या पानांचा नवा माल करून दिला, आणि ते दोघं मरेपर्यंत टेकडीवरच सेवेत राहिले. इंग्रजी अमलातल्या गॅझेटिअरमध्येही, म्हणजे मुलखाची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथातही, ही कथा नोंदलेली आहे.

आता काही शिकलेले लोक या कथेला विज्ञानाचं म्हणून एक उत्तर देतात: चमत्कार वगैरे काही नाही, हे नारळाचे जीवाश्म आहेत. मला हे उत्तर कथेपेक्षा जास्त खटकतं. कथा स्वतःला श्रद्धा म्हणवते, पण हे उत्तर विज्ञानाचं नाव घेऊन चुकीचं सांगतं. जीवाश्म झालेली फळं आपल्या शेजारीच, छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला खरोखर सापडली आहेत. पण ती लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात पुरलेली होती, आणि त्यांचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर साल, बी, पेशींच्या भिंती ओळखू येतात. गिरडच्या गोट्यात पेशी नाहीत, कारण तो कधी फळ नव्हताच. तो पोकळीत भरलेल्या खनिजांचा गोळा आहे, आणि ती पोकळी म्हणजे लाव्हातला एक बुडबुडा.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहत होता. थरावर थर साचले. पश्चिम घाटाकडे त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, विदर्भात ती कमी होत होत नागपूरजवळ संपते. लाव्हा खोल जमिनीत असतो तेव्हा पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दाबामुळे त्यात विरघळून राहतात. वर येताना दाब उतरला की बुडबुडे सुटतात आणि वर चढू लागतात. पण दुधावर साय धरते तशी लाव्हाच्या पृष्ठावर एव्हाना कवच धरलेलं असतं, त्याखाली ते अडकतात. म्हणून प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र आणि गाभा घट्ट. थांबलेल्या लाव्हातला बुडबुडा गोल राहतो, वाहत्या लाव्हात तो ताणला जाऊन बदामासारखा चपटा होतो, आणि बुडबुडे एकमेकांत मिसळले तर मोठी पोकळी तयार होते. सुपारी, बदाम, नारळ असे सगळे आकार यातूनच येतात.

पोकळी भरण्याचं काम फार सावकाश चालतं. गरम भूजल बेसॉल्टमधून, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातून, झिरपताना त्यातली नैसर्गिक काच आणि फेल्डस्पार नावाचं खनिज विरघळवतं. सिलिका, अॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम पाण्यात उतरतात आणि पोकळीच्या भिंतीवर थर धरतात. बहुतेकदा आधी पातळ हिरवट अस्तर, मग स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखी झिओलाइट खनिजं, कुठे कॅल्साइट, कुठे गारेचे स्फटिक. थर लाव्हा निवल्यानंतरही लाखो वर्षं भरत राहू शकतात, काही ठिकाणी त्याहूनही उशिरा. म्हणजे गोटा बाहेरून आत वाढतो. सर्वांत जुना थर कडेला, सर्वांत नवा मध्यभागी. फुटका गोटा मिळाला तर मधे उरलेली छोटी पोकळी आणि तिच्याकडे टोकं केलेले स्फटिक पाहा. नारळाची वाढ अशी होत नाही.

झिओलाइटबद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं. सिलिकॉन आणि अॅल्युमिनियमचे अणू ऑक्सिजनने जोडले जाऊन त्याचा सांगाडा होतो, आणि त्या सांगाड्यात रेणूच्या मापाच्या नळ्या असतात. अॅल्युमिनियममुळे सांगाड्यावर ऋण भार येतो, तो भरून काढायला नळ्यांमध्ये सोडियम, कॅल्शियमचे धन आयन, म्हणजे धन भाराचे अणू, बसतात, सोबत पाणी. दगड तापवला की पाणी निघून जातं, सांगाडा मात्र बहुतेकदा टिकतो. रिकाम्या नळ्यांतल्या त्या आयनांना नायट्रोजनचा रेणू ऑक्सिजनपेक्षा जास्त घट्ट चिकटतो. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रं याच गुणावर चालतात: हवेतला नायट्रोजन अडतो, ऑक्सिजन पुढे जातो. त्यातला झिओलाइट कारखान्यात बनवलेला असतो, पण रचनेचं तत्त्व तेच. हेच स्फटिक उशाखाली ठेवले की ऊर्जा मिळते, आजार जातो, असं सांगून हल्ली हजारो रुपयांना विकतात. नायट्रोजन धरणारी ही जाळी आजार धरत नाही. पैसे जपून ठेवा.

गोटे नेमके टेकडीवर का दिसतात? बेसॉल्ट कुजून त्याची माती होते, पावसात ती खाली वाहते, वावरांत साचून काळी कपाशीची जमीन बनते. गारेसारखं सिलिकाचं भरण असलेले गोटे सहज कुजत नाहीत. खडक निघून गेला, भरलेले बुडबुडे बरडावर मागे राहिले. आणि घट्ट गाभ्याचा थर सावकाश झिजतो म्हणून त्याने झाकलेला भाग सभोवतालच्या सपाटीतून वर उरतो. गिरडची टेकडी दुरून दिसते ती यामुळे.

नागपूरची सीताबर्डीची टेकडीही याच लाव्हाची, पण तिच्या वाट्याला युद्ध आलं. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांच्या फौजेशी इंग्रज तिथेच लढले. त्या उंचीवरून शहर तोफांच्या माऱ्यात येत होतं. पुढे तिथे किल्ला उभा राहिला. गिरडच्या उंचीवर मात्र, गॅझेटिअरच्या नोंदीप्रमाणे, १२४४ च्या सुमारास एक फकीर येऊन राहिला, आणि हिंदू-मुसलमान दोघंही तिथे नवस बोलायला येऊ लागले. इथे तोफांनी आवाक्यात आणावं असं शहर नव्हतं. एकांत होता, दुरून ओळखू येणारी खूण होती, आणि ज्यांचं उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं असे गोटे पायाखाली होते. ही कथा दुसऱ्या कुठल्या टेकडीवर रुजली नसती, कारण तिला पुरावा म्हणून दाखवायला दगडी नारळ लागतात.