जाळीचा नंबर: १२० म्हणजे नेमके किती?

स्क्रीन प्रिंटिंगच्या, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापण्याच्या, सामानाच्या दुकानात जाळीच्या कापडाला अजूनही ‘बोल्टिंग क्लॉथ’ म्हणतात. बोल्टिंग म्हणजे पीठ चाळणे. हे कापड मुळात छपाईसाठी विणलेच गेले नव्हते. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमधले विणकर पिठाच्या गिरण्यांसाठी रेशमी जाळी विणत. त्यातल्या बऱ्याच जाळ्यांत दोन उभे धागे एकमेकांना पीळ देऊन आडवा धागा घट्ट धरत, त्यामुळे भोके सरकत नसत. आपल्याकडे रव्याची चाळण, मैद्याची चाळण ही नावे खाली काय पडते त्यावरून पडली. गिरणीवाल्यांनी मात्र क्रमांक दिले: ६, ८, १०, १२, १६. आकडा मोठा तेवढी जाळी बारीक, यापलीकडे त्याला अर्थ नव्हता. पुढची एक्स अक्षरे रेशमाची मजबुती सांगत. ६ डबल एक्स म्हणजे इंचाला सुमारे ७४ धागे आणि १२ डबल एक्स म्हणजे सुमारे १२५. बारा हा सहाच्या दुप्पट, पण १२५ काही ७४ च्या दुप्पट नाहीत.

१९०७ मध्ये मँचेस्टरच्या एका छपाईवाल्याने रेशमी पडद्यावरून छापण्याचे पेटंट घेतले. पुढे हा धंदा अमेरिकेत फोफावला आणि गिरणीचे कापड गिरणीच्या नंबरांसकट छपाईत आले.

रेशीम गेले ते धुण्यापायी. फोटो इमल्शन, म्हणजे उजेडाने कडक होऊन जाळीवर साचा धरणारा लेप, आल्यावर वापरलेला साचा ब्लीचने उतरवून तीच जाळी पुन्हा वापरावी असे कोणालाही वाटणार, आणि ब्लीचमध्ये रेशीम विरघळते. १९३० च्या दशकातले नायलॉन आणि १९४० च्या दशकातले पॉलिस्टर युद्धानंतर जाळीत आले. नायलॉन ओलावा पितो आणि सैल पडतो. पावसाळ्यात दोन रंगांचे काम नायलॉनवर करणाऱ्याला विचारा, सकाळी जुळलेला रंग दुपारी सरकलेला असतो. पॉलिस्टर टिकले. पीळ दिलेल्या धाग्याऐवजी एकेरी, गुळगुळीत, मोजून काढलेला धागा आला, आणि त्याबरोबर जाळी खरोखर मोजता येऊ लागली. गोंधळ सुरू झाला तो इथेच.

युरोपात सेंटीमीटरला किती धागे ते मोजत, अमेरिकेत इंचाला. सेंटीमीटरचे ४३ म्हणजे इंचाचे १०९, ७७ म्हणजे १९६, १२० म्हणजे ३०५. इथवर २.५४ चा गुणाकार पुरतो. पण आकड्यामागे एक अक्षरही लागायचे. एस म्हणजे बारीक धागा, टी म्हणजे मध्यम, एचडी म्हणजे जाड. टीचा संबंध फक्त धाग्याच्या जाडीशी होता. आपल्या बाजारात जवळपास सगळा माल टी आला, त्यामुळे टीला विरोधी अक्षरच उरले नाही. हळूहळू ‘१२० टी’ म्हणजे सेंटीमीटरचे १२०, आणि टी नसेल तर इंचाचे, असा अर्थ रूढ झाला. टी म्हणजे ‘थ्रेड’ असे शपथेवर सांगणारे कारागीर मला भेटले आहेत. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. या गल्लीत तो अजून पुरता पोचलेला नाही.

मी या कामात शिरलो नव्वदच्या दशकात, लग्नपत्रिकांमधून. पहिल्याच मोसमात दुकानात फोन करून ‘१२० ची फ्रेम ताणून पाठवा’ म्हटले. आली ती इंचाला १२० वाली, म्हणजे सेंटीमीटरला ४७. नवखा होतो, नजर बसली नव्हती. फाइव्ह स्टार फिल्म, म्हणजे साचा बनवायची फिल्म, पेरॉक्साइडमध्ये कडक केली, कोमट पाण्याने धुतली, जाळीवर चढवली आणि स्क्वीजी, म्हणजे शाई दाबणारी रबरी पट्टी, ओढली. ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ मधल्या तिरक्या रेघांना करवतीचे दात आले. ‘चि. सौ. कां.’ मधला अनुस्वार खालच्या काना-अक्षरात मिसळून गेला. दोनशे पत्रिका वाया गेल्या. जाब विचारायला गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, “भाऊ, फोनवर तुम्ही टी कुठे म्हणालात?”

त्याचा राग आता उरलेला नाही. मला खटकते ती पुढची गोष्ट. उत्पादकांनी अक्षरे टाकून धाग्याची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) लिहायला सुरुवात केली, १२०-३४ अशी. काहींना हा नसता किचकटपणा वाटतो. नंबर माहीत असला की काम होते, असे त्यांचे म्हणणे, आणि साध्या एकरंगी व्हिजिटिंग कार्डापुरते ते खरेही आहे. पण हिशेब करून बघा. सेंटीमीटरला १२० धागे म्हणजे दर धाग्यामागे ८३ मायक्रॉन जागा. धागा ३१ चा असेल तर भोक ५२ चे, ३४ चा असेल तर ४९ चे, ४० चा असेल तर ४३ चे. मोकळी जागा अनुक्रमे ३९, ३५ आणि २७ टक्के. प्रत्यक्षात विणताना धागा दबतो, म्हणून आकडे थोडे कमी भरतात, पण फरक तसाच राहतो. तिन्ही जाळ्या ‘१२० नंबर’च, तरी एकीतून शाई सहज उतरते आणि दुसरीत स्क्वीजी दोनदा मारावी लागते. बारीक धाग्याची जाळी लवकर फाटते, हा तिचा दोष आहेच. धाग्याशिवाय सांगितलेला नंबर म्हणजे गावाचे नाव नसलेला पत्ता, असे माझे मत आहे.

संगणक आणि फिल्म पॉझिटिव्ह स्वस्त झाल्यावर टी-शर्टावर फोटो छापायची मागणी आली. फोटो छापायचा तर तो आधी हाफटोनमध्ये, म्हणजे रांगेतल्या बारीक ठिपक्यांत, फोडावा लागतो, आणि इंचाला ठिपक्यांच्या किती रांगा ते रेघांत मोजतात. मग जाळीचे धागे हाफटोनच्या रेघांच्या चार-पाच पट हवेत हा नियम कामाला आला. ६५ रेघांना इंचाला २६० ते ३२५, म्हणजे ३०५ बरोबर बसते. यातही इंच-सेंटीमीटरची गफलत केली तर फोटोतल्या गालावर लहरी उमटतात. पिवळी जाळी वापरायचे कारणही याच बारकाईत आहे. पांढऱ्या धाग्यातून एक्स्पोजरचा, म्हणजे साचा बनवताना इमल्शनवर टाकलेला, प्रकाश पसरतो आणि बारीक ठिपके खातो, पिवळा धागा तो अडवतो.

जाळीच्या काठावर नंबर आणि धागा छापलेला असतो. फ्रेमवर ताणून झाले की तोच काठ कापून फेकला जातो. पिक ग्लास, यंत्रमागवाल्यांचे धागे मोजायचे भिंग, ४७ पर्यंत साथ देते. १२० ला डोळे थकतात, आणि धाग्याची जाडी तर त्यातून कळतच नाही. म्हणून माझ्या प्रत्येक फ्रेमच्या लाकडावर आता मार्करने लिहिलेले असते: १२०-३४, सेंमी.