मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त मिळतं का?

गोव्याचा विषय निघाला की नागपुरात कुणीतरी सांगतंच, ‘मंगळवारी रात्री बारानंतर बुक कर, विमान स्वस्त पडते.’ राजेहो, असं काही नसतं.

एकाच विमानातल्या सीट वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो, मग वार कोणताही असो. फरक पडतो तो प्रवासाच्या तारखेनं. नाताळ ते ३१ डिसेंबर गोवा सर्वांत महाग. तेच डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्र शांत, शॅक (किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं) सुरू आणि खोल्यांचे दर बरेच खाली. फक्त मुंबईमार्गे जाणार असाल तर आपल्याकडच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा बघा. त्या दिवसांत नागपूर-मुंबई विमानांना आमदार-अधिकाऱ्यांची गर्दी असते.

जून ते सप्टेंबर हॉटेलं स्वस्त, हे खरं. पण तेव्हा किनाऱ्यावरचे शॅक आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, समुद्रात उतरणं धोक्याचं. नुसतं हिरवंगार बघायचं असेल तर खुशाल जा.

रेल्वेनं जाणाऱ्यांनी ‘चार महिने आधी बुक कर’ हेही विसरावं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण फक्त ६० दिवस आधी उघडतं.